मदत हवी आहे: अलिबागला एक रात्र, आईच्या गुडघ्यांना जपून

येत्या शनिवारी आईला (वय 72) घेऊन अलिबागला एक रात्र राहायचं आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने गाडीसकट मांडव्याला उतरू, त्यामुळे प्रवासाची चिंता नाही. अडलंय ते खोलीवर. वरसोली-नागावात चार घरगुती ठिकाणी फोन केले. सगळे ‘तळमजला’ म्हणाले, पण फोटो मागवले तर ओट्यालाच पाच उंच पायऱ्या, कठडा नाही. तिला जेमतेम दोन जमतात, आणि कमोड हवाच. बजेट 4000 पर्यंत.

ओहोटीला घोडागाडीने कुलाबा किल्ल्यापर्यंत जाता येतं. आतल्या सिद्धिविनायकाचं दर्शन घ्यायची तिची फार इच्छा आहे. घोडागाडीतून उतरल्यावर देवळापर्यंत किती पायऱ्या चढाव्या लागतात? आणि खरोखर सपाट दाराच्या खोलीत कोणी स्वतः राहिलं आहे का?