प्रतिसाद: चंद्रतालचा मुक्काम पहिल्याच रात्री नको

मनालीहून निघून त्याच संध्याकाळी हिमाचलातील चंद्रताल सरोवराच्या काठी तंबू ठोकण्याचा बेत मूळ लेखात मांडला आहे, तो कृपया बदलावा. मनाली सुमारे २,००० मीटरवर, तर चंद्रताल सुमारे ४,३०० मीटरवर आहे. एवढी उंची एका दिवसात गाठल्यास विरळ हवेचा त्रास रात्रीच, म्हणजे मदत सर्वांत दूर असताना, बळावतो. शिवाय अगदी काठावर मुक्कामाला मनाई असून तंबूंची जागा काही किलोमीटर अलीकडे आहे. आम्ही शिमला, किन्नौर, स्पिती खोऱ्यातील काझा असे हळूहळू चढत गेलो आणि कुंझुम खिंड ओलांडून शेवटी तिथे पोहोचलो. काझातच पेट्रोलची टाकी भरून घ्यावी. पहाटे तंबूच्या आतल्या कापडावर आमच्याच श्वासाचे हिमकण जमले होते, हात लावताच ते मानेवर झरझर पडले. ब्युटेनचा गॅस अशा थंडीत नीट पेटत नाही, म्हणून डबा रात्रभर स्लीपिंग बॅगेत ठेवला होता. चंद्रतालहून मनालीकडे जाताना लागणाऱ्या बातल ते ग्रांफू या टप्प्यातील नाले मात्र सकाळी लवकरच ओलांडावेत, कारण ऊन चढले की बर्फ वितळून सकाळचे घोट्याएवढे पाणी दुपारी गुडघ्यापर्यंत येते आणि तळाचे गोटे दिसेनासे होतात.