गळा उसना, तर सोंग अर्धं?

पेटीवाला:
परवा गवई वसंतराव देशपांड्यांवरचा 'मी वसंतराव' पुन्हा बघितला आणि लगोलग स्त्रीभूमिका गाजवणाऱ्या गायकनटावरचा 'बालगंधर्व' (२०११). शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो: गायकाच्या चरित्रपटात नट स्वतः गात नसेल, तर ते सोंग अर्धंच. राहुल देशपांडे आजोबांची तान घेतात तेव्हा मानेची शीर ताठते, श्वास कुठे चोरला ते दिसतं. तीस वर्षं साथ करतोय. गवयाच्या गळ्याकडे बघूनच पुढची जागा ओळखावी लागते. सुबोध भावे ओठ चोख हलवतात, पण गळा आनंद भाट्यांचा. माझी नजर सारखी त्या गप्प कंठमण्यावर जाते.

रंगपटातली:
पूर्ण असहमत. काका, राहुल मुळात गवई, तेही घरचेच. तिथे नटाचा कायापालट कुठे झाला? मी हौशी नाटकांची रंगभूषा करते. पुरुषाला नऊवारी नेसवली की पहिल्या दिवशी तो गुडघ्याने साडी ढकलत चालतो, पदर सावरताना कोपर बाहेर फेकतो. ते मोडायलाच आठवडे जातात. भाव्यांची मान वळते आणि मग नजर येते, आधी नाही. विक्रम गायकवाडांची रंगभूषा पुसली तरी ती बाई शिल्लक राहील. आणि त्या 'उसन्या' गळ्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय म्हटलं!

पेटीवाला:
पार्श्वगायनाचाच राहुल यांनाही मिळालाय. फिट्टंफाट.

पाचगणीकर:
'क्वीन' या रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आमच्या गावच्या सेंट पीटर्स शाळेतला. शाळेच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. त्याच्यावरच्या सिनेमात रामी मालेकला पुढे आलेले खोटे दात लावले, आवाज बराचसा खुद्द फ्रेडीचा आणि काही मार्क मार्टेल नावाच्या गायकाचा. ऑस्कर मिळालं ते अभिनयाचं. पेटीवाल्यांच्या नियमाने परत मागवायचं का?

पेटीवाला:
मागवा की! 'रॉकेटमन' सिनेमात गायक एल्टन जॉन झालेला टॅरन एजर्टन सगळी गाणी स्वतः गायला, त्याला साधं नामांकनही नाही.

जुनाट श्रोता:
अहो, तुमच्या वादाचा निकाल खुद्द नारायणरावांनीच, म्हणजे खऱ्या बालगंधर्वांनीच, लावून ठेवलाय. १९३५ साली प्रभात फिल्म कंपनीच्या 'धर्मात्मा' सिनेमात ते संत एकनाथ झाले. गळा अस्सल, माणूस अस्सल, दिग्दर्शक शांताराम. पण अंगावर शालू नाही, तर पुरुषवेश. ज्यांनी त्यांना नाटकांतल्या सिंधू, भामिनी या नायिका म्हणून डोक्यावर घेतलं होतं, त्या लोकांच्या पचनी ते पडलं नाही. नुसत्या गळ्यावर भागलं असतं तर?

पेटीवाला:
हा मुद्दा लागला. पण त्याने एवढंच ठरतं की गळ्याबरोबर रूपही लागतं. रूप असलं की गळा उसना चालतो, हे कुठे ठरलं?

रंगपटातली:
आवाज बंद करून दोन्ही सिनेमे बघा आणि मग बोला.

पेटीवाला:
बघितला. 'वसंतराव' वीस मिनिटं, आवाज बंद. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येतेय ते दोनदा नेमकं पकडलं. मग 'बालगंधर्व' लावला. पाचव्या मिनिटाला सौ. आतून आल्या, म्हणाल्या, "काय गोड दिसतोय मेला! आवाज सोडा की." सोडला. पुढचं लिहायचं राहिलं, कारण शेवटपर्यंत बघत बसलो.

रंगपटातली:
कंठमणी दिसला?

पेटीवाला:
बघायचं विसरलो.