चौदा संघ फिरलेला पिचर: हे नेमकं घडतं कसं?

परभणीकर
आमची सॉफ्टबॉलची मंडळी पहाटे साडेचारला मेजर लीग (अमेरिकेतली बेसबॉलची सर्वात वरची लीग) लावून बसते. एडविन जॅक्सन हा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा गडी, १४ संघांकडून खेळला म्हणतात. आयपीएलमध्ये लिलावात संघ बदलतो, ते समजतं. पण इथं हंगाम चालू असताना गडी मे महिन्यात एकीकडे अन् ऑगस्टात दुसरीकडे! खराब खेळला म्हणून काढतात, तर मग दुसरा घेतो काहून?

गोदाकाठ (नांदेड)
काढणं दरवेळी खराब खेळामुळं नसतं, भाऊ. २५ जून २०१० ला जॅक्सननं ॲरिझोनाकडून टाम्पा बेविरुद्ध नो-हिटर टाकली, म्हणजे अख्ख्या सामन्यात समोरच्याला एकही हिट दिली नाही. १४९ चेंडू, ८ वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर बॅटरला फुकट मिळालेला बेस), त्यातले ७ पहिल्या तीन इनिंगमध्येच. एवढं करूनही जुलै संपायच्या आत ट्रेडमध्ये (संघांतल्या अदलाबदलीत) शिकागो व्हाइट सॉक्सकडे. पुढच्या वर्षी २७ जुलैला तर एकाच दिवशी दोन ट्रेड: शिकागोहून टोरोंटो, तिथून सेंट लुईस. त्याच हंगामात सेंट लुईसनं वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची अंतिम लढत, जिंकली. टोरोंटोकडून प्रत्यक्ष पिचिंग करायला २०१९ उजाडलं, तोच त्याचा १४ वा संघ. असा माणूस कुणाला ना कुणाला कायम हवाच असतो.

लातूरचा स्कोअरर
नियम कळले की कोडं सुटतं. संघाची मोठी यादी ४० जणांची, सामन्यासाठी २६, त्यात पिचर जास्तीत जास्त १३. या ४० मधल्या खेळाडूला साधारण तीन हंगाम 'ऑप्शन'वर मायनर लीगमध्ये (खालच्या पातळीच्या लीगमध्ये) पाठवता येतं. हंगामात २० दिवस खाली गेले की एक ऑप्शन खर्ची. तिन्ही संपले की फिरती सुरू. आता खाली धाडायचं तर आधी वेव्हर्सवर (बाकीच्या संघांपुढच्या यादीत) ठेवावं लागतं, तिथून कुठलाही दुसरा संघ त्याला चालू करारासकट उचलू शकतो.

जागा तातडीनं हवी असेल तर डीएफए (designated for assignment) करतात. नाव लगेच ४० मधून निघतं आणि ७ दिवसांत ट्रेड, वेव्हर्स नाहीतर संघातून मोकळं करणं. कुणीच उचललं नाही, पण मेजर लीगची ३ वर्षांची सेवा झालेली असेल, तर तो खाली जायला नकार देऊन फ्री एजंट (कुठल्याही संघाशी करार करायला मोकळा) होऊ शकतो.

'घेतो काहून' याचं उत्तर पैशात आहे. शिकागो कब्स संघानं जॅक्सनला ४ वर्षांसाठी ५.२ कोटी डॉलर कबूल केले आणि २०१५ मध्ये सोडून दिलं. मग अटलांटानं घेतलं. अशा वेळी नवा संघ फक्त किमान पगार देतो, तोही दिवसांच्या हिशेबानं. बाकीचा बोजा जुन्या संघावरच. स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) जखमी झालेला असताना अनुभवी हात या भावात मिळाला तर कोण सोडेल?

बीडचा कॅचर
कागदपत्रांइतकाच हातातला बदलही महत्त्वाचा. रिच हिल बघा, डावखुरा पिचर. २०१५ मध्ये स्वतंत्र लीगमध्ये (मेजर लीगशी न जोडलेल्या) लाँग आयलंड डक्सकडून खेळत होता. बॉस्टननं घेतल्यावर कर्व्हबॉलचं (वळून खाली पडणाऱ्या चेंडूचं) प्रमाण वाढवायला आणि त्याच चेंडूचा वेग बदलत ठेवायला त्याला सांगितलं गेलं. डिसेंबर २०१६ मध्ये डॉजर्स संघाचा ३ वर्षांचा ४.८ कोटी डॉलरचा करार! २०२५ मध्ये ४५ व्या वर्षी कॅन्सस सिटीकडून उतरून त्यानं जॅक्सनच्या १४ संघांची बरोबरी केली.

बरेच जण अडकतात ते इथं: फास्टबॉलचा (पूर्ण जोरानं टाकलेल्या चेंडूचा) वेग उतरला तरी चेंडूंचं मिश्रण तेच ठेवतात. नाहीतर चेंजअप (फास्टबॉलसारखा दिसणारा पण हळू येणारा चेंडू) टाकताना हातच हळू फिरतो आणि बॅटरला आधीच कळतं. हात फास्टबॉलच्याच जोरानं फिरला पाहिजे, वेग ग्रिपनं कमी करायचा. कोपराचा लिगामेंट तुटला तर टॉमी जॉन शस्त्रक्रियेनंतर परतायला १२ ते १८ महिने, आणि तेवढ्यात जागा दुसऱ्याची झालेली असते.

परभणीकर
आमच्या पोरांपैकी कुणाला बेसबॉलच्या पिचिंगकडे वळवायचं तर कुठून सुरू करू?

बीडचा कॅचर
सॉफ्टबॉलचा पिचर खालून फेकतो, ती सवय इथं कामाची नाही. आउटफिल्डमधून होमला सरळ फेकणारं पोरगं निवडा. २००८ च्या 'मिलियन डॉलर आर्म' या भारतातल्या पिचर शोधायच्या स्पर्धेतून पायरेट्स या मेजर लीग संघाकडे गेलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल मूळचे भालाफेकीचेच. पिचरपासून होमपर्यंतचं अंतर १८.४४ मीटर मोजा. आधी फास्टबॉल आणि चेंजअप पक्का करा, कर्व्ह नंतर. १५-१६ वर्षांच्या पोराला दिवसात ९५ च्या वर चेंडू टाकू देऊ नका, आणि ७६ किंवा जास्त झाले तर पुढचे चार दिवस पिचिंग बंद.