जॉन सिंक्लेअर: लेनन गायला म्हणून सुटला का?

गच्चीवरचा_बास:
बीटल्सवाल्या जॉन लेननच्या १९७२च्या अल्बममध्ये 'जॉन सिंक्लेअर' नावाचं गाणं आहे. आमचा ड्रमर छातीठोकपणे सांगतो, "लेनन गायला आणि तीन दिवसांत माणूस तुरुंगाबाहेर." इतकं सोपं असतं होय? कोर्टकचेरी काहीच नाही?

मिशिगनकर:
तारखा बरोबर आहेत. १० डिसेंबर १९७१ला अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बरच्या क्रिसलर अरीनात सिंक्लेअरच्या सुटकेसाठी कार्यक्रम, त्यातच लेनन गायला. १३ला सिंक्लेअर बाहेर. पण गांजा बाळगल्याची शिक्षा कमी करणारं विधेयक मिशिगनच्या विधिमंडळाने कार्यक्रमाआधीच मंजूर केलं होतं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला तो त्यानंतर. मार्च १९७२मध्ये तर शिक्षाच रद्द झाली.

गुन्हा काय, तर साध्या वेशातल्या पोलिसाला गांजाच्या दोन सिगारेटी दिल्या. त्याला दहा वर्षं! हा कवी, एमसी५ बँडचा मॅनेजर, व्हाइट पँथर पार्टी या ब्लॅक पँथरला साथ देणाऱ्या गोऱ्यांच्या जहाल संघटनेच्या संस्थापकांपैकी एक. गांजा हे निमित्त, हे शेंबडं पोरही सांगेल.

बाकी लेननचं फार कौतुक नको. पहाटे तीननंतर आला, चार गाणी म्हटली, तीही नवीकोरी. बीटल्सचं एक नाही! तीन डॉलरचं तिकीट काढून रात्रभर ताटकळलेल्या पब्लिकचं काय झालं असेल? गायक स्टीव्ही वंडरने आधीच मैदान मारलं होतं. मला विचाराल तर त्या रात्रीची सगळ्यात भारी गोष्ट गाणं नव्हतीच. तुरुंगातून सिंक्लेअरचा फोन आला, तो थेट स्पीकरवर लावला. बायको आणि लहानगी मुलगी त्याच्याशी बोलतायत आणि पंधरा हजार लोक ऐकतायत. गडी रडायलाच लागला.

निळी_शाई:
व्हाइट पँथर वाचून चमकले. आपली दलित पँथर १९७२ची. दोन्हीकडे प्रेरणा ब्लॅक पँथरचीच ना, अमेरिकेतल्या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेची?

मिशिगनकर:
हो ताई. ब्लॅक पँथरचा बॉबी सील त्या रात्री भाषणाला होता.

फुकटचा_सल्ला:
आणि एफबीआय या अमेरिकी केंद्रीय तपास यंत्रणेचे खबरे प्रेक्षकांत! लेननच्या गाण्याचे शब्द उतरवून वर पाठवले. मग निक्सन सरकार त्याला देशाबाहेर काढायला मागे लागलं. ग्रीन कार्ड मिळायला १९७६ उजाडलं.

गच्चीवरचा_बास:
म्हणजे कार्यक्रमाचा उपयोग शून्य?

मिशिगनकर:
शून्य कसा, राव? विधेयक काय आभाळातून पडलं? घरचे, मित्र, वकील दोन वर्षं त्याच्यामागे खपत होते. त्यात १९७१मध्येच अठरा वर्षांच्या पोरांना मताचा हक्क मिळाला होता. अ‍ॅन आर्बर पडलं विद्यापीठाचं गाव, पुढाऱ्यांना गणित कळत होतं. लेनन येणार म्हटल्यावर देशभर बोभाटा झाला, हे मात्र मान्य.

जाता जाता: १ डिसेंबर २०१९ला मिशिगनमध्ये गांजाची उघड, कायदेशीर विक्री सुरू झाली. पहिल्याच दिवशी अ‍ॅन आर्बरच्या दुकानात सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत कोण होतं? सिंक्लेअर, वय ७८.