कमी खर्चातले वेस्टर्न भयपट

प्रश्न : वेस्टर्न (जुन्या अमेरिकी पश्चिमेतल्या काउबॉय-दरोडेखोरांच्या कथा) आणि भयपट यांचा मेळ घालणारे कमी खर्चाचे स्वतंत्र चित्रपट मी सध्या शोधून पाहतो आहे. ‘बोन टोमाहॉक’ (२०१५) फार आवडला. आणखी कोणते पाहावेत?

प्रतिसाद : एमा टॅमी यांचा ‘द विंड’ (२०१८) अवश्य पाहा. ओसाड माळरानावरचे एकाकी घर, दाराबाहेर घोंगावणारा वारा आणि हाताशी बंदूक घेऊन बसलेली स्त्री, एवढ्याच सामग्रीवर तो भीती उभी करतो. अशा कथेला भव्य नेपथ्य लागतच नाही. कंदिलाच्या उजेडापलीकडचा अंधार पुरतो.

प्रतिसाद : कॅथरिन बिगेलो यांचा ‘निअर डार्क’ (१९८७) राहून जाऊ नये. त्यातली रक्तपिपासू टोळी जुन्या दरोडेखोरांसारखी भटकते, तरी ‘व्हॅम्पायर’ हा शब्द एकदाही उच्चारला जात नाही. मोटेलमधल्या गोळीबारात भिंतीला पडणाऱ्या प्रत्येक भोकातून उन्हाचा झोत आत घुसतो आणि गोळीपेक्षा त्या उन्हाचीच टोळीला धास्ती वाटते, हे दृश्य मला या दोन्ही प्रकारांचा खरा संगम वाटते.

प्रश्नकर्ता : मनापासून आभार. ‘द विंड’ आजच रात्री पाहतो.