पांढरा थर: पंप बदलण्याआधी हे बघा
ताई, जळगावात बोअरच्या पाण्यावर डिशवॉशर चालवता आणि काचेच्या ग्लासांवर पांढरा थर येतो म्हणून मेकॅनिक पंप बदलायला सांगतो, हे काही पटत नाही. आधी एका ग्लासावर व्हिनेगर चोळा. थर गेला तर ते पाण्यातले क्षार. नाही गेला तर काचच झिजलीय, तिला इलाज नाही. क्षार असतील तर मशीनच्या तळाशी, पाणी मऊ करणाऱ्या मिठाच्या कप्प्याचं झाकण उघडून बघा. तिथे डिशवॉशरचंच जाड मीठ हवं, स्वयंपाकातलं आयोडीनवालं नको. जड पाण्याचं सेटिंगही वाढवा. बसवणारे बहुधा त्याला हातच लावत नाहीत. फवाऱ्याची भोकं टूथपिकने मोकळी करा. आणि शेवभाजीच्या पातेल्यातलं तेल आधी पुसून घ्या, खान्देशी तर्रीपुढे कुठलाही फिल्टर हात टेकतो!