मदत हवी आहे: उभ्या सागाचे घनफूट कसे काढावेत?

यवतमाळ जिल्ह्यात बांधावर आणि पडीक तुकड्यात मिळून शंभरेक सागाची झाडं आहेत, वय साधारण २५ वर्षं. सातबाऱ्यावर नोंद आहे. तोडीच्या परवानगीचा अर्ज अजून केलेला नाही. व्यापारी नुसती नजर टाकून सरसकट भाव सांगतो, त्यामुळे आधी माल किती निघेल याचा स्वतःचा अंदाज हवा आहे.

आतापर्यंत जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीवर, सालीसकट घेर मोजले, ते ७० ते ११० सेंमी आहेत. पहिल्या मोठ्या फांदीपर्यंतची उंची मोबाइलच्या कोनमापक अ‍ॅपने घेतली. मग घेराच्या चौथाईचा वर्ग गुणिले लांबी. ९० सेंमी घेर आणि ६ मीटर सोट (फांदीपर्यंतचं सरळ खोड) असेल तर ०.३०४ घनमीटर, म्हणजे १०.७ घनफूट येतात. पूर्ण गोल धरला तर तेच १३.७ होतात. हा फरक माहीत आहे, बाजारात चौथाईच चालते, त्याबद्दल वाद नाही.

अडचण वेगळी आहे. सूत्राला घेर लागतो सोटाच्या मध्यावरचा, माझ्याकडे आहे खालचा. त्यात काही बुंध्यांना तळाशी खोल पन्हाळी (उभ्या खाचा) आहेत, टेप त्यांच्यावरून ताणून जातो आणि घेर फुगतो. प्रत्येक झाडावर चढणं शक्य नाही. नमुन्याला पाच-दहा झाडांवर शिडी लावता येईल, पण एकही तोडायचं नाही.

छातीच्या उंचीवरच्या घेरावरून मधला घेर किती टक्के धरता? सालीची वजावट घेरातून करता की घनफुटांतून, आणि किती?